आधी गळती, मग रंग: एका पद्मिनीची फेरदुरुस्ती

हा अभिप्राय जुनी गाडी मुळापासून उभी करून देणाऱ्यांविषयी नाही, तर ती उभी राहिल्यानंतर वर्षभरात जे दोष वर येतात ते निस्तरणाऱ्यांविषयी आहे. पहिल्या प्रकारची कामे घेणारे पुण्या-मुंबईत पुष्कळ आहेत. दुसऱ्याने केलेल्या कामातले दोष शोधून, तेवढेच उघडून, बाकीच्याला धक्का न लावता ते दुरुस्त करणारे मात्र फार थोडे, कारण त्यात नाव पहिल्याचे होते आणि वेळ दुसऱ्याचा जातो. भोसरी परिसरातील ज्या कार्यशाळेविषयी मी लिहितो आहे ती अशी कामे घेते. एका वेळी मोजक्याच गाड्या हाती घ्यायच्या असल्यामुळे मालकांनी नाव छापू नये असे सुचवले आहे. जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांना ती एवढ्या वर्णनावरूनही सापडेल.

गाडी १९७४ सालची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० म्हणून बनणाऱ्या गाडीला पद्मिनी हे नाव त्याच वर्षापासून मिळाले. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, पुढे सलग बैठक आणि पुढच्या दारांना उघडणारी त्रिकोणी काच, असे तिचे रूप सर्वांच्या परिचयाचे आहे. दुसऱ्या शहरातील एका कार्यशाळेत, जिचे नाव येथे घेण्याचे कारण नाही, तिचे संपूर्ण काम झाले होते. ताब्यात मिळाली तेव्हा फिकट पिस्ता रंगातली ही गाडी डोळ्यांत भरत होती. पहिल्या पावसाळ्यानंतर दारांच्या खालच्या कडेला आणि डिकीच्या झाकणाच्या ओठाशी रंगाला बारीक फोड आले, बॉनेटवर घासकामाच्या रेघा आतून वर उमटू लागल्या, छताचे अस्तर मध्ये लोंबले, दारांचे आतले पॅड फुगून क्लिपांतून सुटले आणि गाडीत कुबट वास कायमचा राहिला.

सर्वसाधारण गॅरेजमध्ये अशा गाडीचे दोन तुकडे होतात. रंगाचा भाग पेंटरकडे जातो आणि आतला भाग कुशनवाल्याकडे. या कार्यशाळेचे पहिले वेगळेपण असे की त्यांनी दोन्ही तक्रारी एकाच कागदावर लिहिल्या आणि रंगाला किंवा रेक्झिनला हात लावण्याआधी पाण्याची चाचणी घेतली. एक कारागीर टॉर्च घेऊन गाडीत बसला, दुसऱ्याने बाहेरून पाण्याची नळी धरली. पाणी खालून वर असे क्रमाने मारले. आधी दाराची खालची कड, मग त्रिकोणी काचेचे रबर, मग पुढच्या काचेचा खालचा कोपरा आणि शेवटी वरची पन्हाळ. एकदम वरून पाणी सोडले तर ते कुठूनही आत शिरते आणि नेमकी जागा कधीच कळत नाही, हे त्यांनी काम करता करता सांगितले. पाणी दोन ठिकाणी सापडले: पुढच्या काचेच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात आणि दारांच्या पोटात.

दारांतले पाणी हा या सगळ्या प्रकरणाचा गाभा होता. गाडीच्या दारात काचेच्या फटीतून पावसाचे पाणी शिरणे हे गृहीतच धरलेले असते. ते खाली उतरून तळाच्या निचरा-छिद्रांतून बाहेर पडावे आणि आतल्या पॅडपर्यंत पोचू नये म्हणून मध्ये प्लास्टिकचा कागद लावलेला असावा, अशी ती रचना आहे. आधीच्या दुरुस्तीत निचऱ्याची छिद्रे लांबीने (पत्र्याचे खड्डे भरून सपाट करणाऱ्या पुटीने) आणि खालच्या गंजरोधक लेपाने बुजली होती आणि प्लास्टिकचा कागद परत लावलाच नव्हता. त्यामुळे पाणी दारात साचून राहिले. आतल्या बाजूने त्याने हार्डबोर्डचे पॅड फुगवले आणि बाहेरच्या बाजूने पत्र्याच्या घडीतून लांबीत शिरून रंगाला फोड आणले. ज्या दोन तक्रारी मी वेगवेगळ्या समजून घेऊन गेलो होतो त्यांचे मूळ एकच निघाले. केवळ फोड घासून पुन्हा रंग मारला असता, किंवा केवळ पॅड नवे बसवले असते, तर पुढच्या पावसाळ्यात दोन्ही दोष परत आले असते.

फोड कसा तपासायचा हेही पाहण्यासारखे होते. ब्लेडच्या टोकाने एक फोड उघडून त्याचा तळ पाहिला. तळाशी स्वच्छ प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर) दिसला तर दोष वरच्या थरांत, गंजलेला पत्रा दिसला तर खालून, आणि राखाडी, ओलसर भुगा दिसला तर लांबीत. येथे तिसरा प्रकार होता. पॉलिएस्टर लांबीत शंखजिऱ्याची पूड असते आणि ती पाणी शोषते. म्हणून लांबी कोरडीच घासायची असते. वॉटर पेपरने ओली घासून त्यावर लगेच प्रायमर मारला तर पाणी आत कोंडून राहते. जाडी मोजणाऱ्या चुंबकीय यंत्राने छतावर १८० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास आकडे दाखवले, बॉनेटवर ३०० च्या घरात, आणि मागच्या डाव्या दाराच्या तळाशी थेट १४००. कारखान्यातून आलेल्या रंगाची जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दारावर पत्र्याऐवजी लांबीच किती होती याची कल्पना येईल.

यानंतर कार्यशाळेने जो निर्णय घेतला तो माझ्या मते त्यांच्या कामाचा सर्वांत मोलाचा भाग आहे. संपूर्ण गाडी पुन्हा रंगवण्याचा प्रस्ताव त्यांनी दिला नाही, जरी बिल त्यातच मोठे झाले असते. चारही दारांचे खालचे भाग आणि डिकीचे झाकण पत्र्यापर्यंत उघडायचे, बॉनेट केवळ घासून चमकवायचे आणि छताला हात लावायचा नाही, असे ठरले. बॉनेटवरच्या रेघांचे कारण घाई हे होते. दोन थरांमध्ये थिनर उडून जायला वेळ न देता जाड थर मारले की वरची साय आधी धरते, आत अडकलेला द्रावक पुढे कित्येक आठवडे हळूहळू निघतो आणि रंग बसत जातो, तसतशा खालच्या खरखरीत पेपरच्या रेघा वर दिसू लागतात. रंग आता पूर्ण बसला होता आणि जाडी पुरेशी होती, म्हणून १५००, २००० आणि ३००० नंबरच्या पेपरने क्रमाने घासून मशीनने रबिंग केले. कडांवर आणि मधल्या उठावाच्या रेषेवर रंग नेहमी पातळ असतो, म्हणून तेथे आधी टेप लावून ठेवली होती. एवढ्या साध्या काळजीअभावी किती बॉनेटच्या कडा पांढऱ्या पडलेल्या आपण पाहतो!

रंगाच्या प्रकाराबद्दल थोडे. आधीच्या कामात रंग आणि चमक एकाच थरात देणारा एकजीव पीयू (पॉलियुरेथेन) रंग वापरला होता की वर पारदर्शक क्लिअर कोट होता, हे पाहण्यासाठी त्यांनी पांढऱ्या फडक्यावर थोडे कंपाउंड घेऊन चौकटीच्या आतल्या बाजूला घासले. फडक्यावर पिस्ता रंग उतरला, म्हणजे क्लिअर कोट नव्हता. पद्मिनीच्या काळातल्या साध्या, धातूची चमक नसलेल्या रंगांना हीच पद्धत शोभते. क्लिअर कोट दिला की गाडी खेळण्यासारखी काचेरी दिसू लागते, असे माझे स्पष्ट मत आहे. उघडलेल्या भागांवर पत्र्याला आधी एपॉक्सी प्रायमर, त्यावर अत्यंत पातळ लांबी, मग पृष्ठभाग एकसारखा करणारा सरफेसर आणि शेवटी पीयू रंग, असा क्रम होता. रंगाची छटा मागच्या बैठकीखालच्या, ऊन न लागलेल्या पत्र्यावरून घेतली आणि उन्हात व ट्यूबलाइटखाली अशी दोन्हीकडे पडताळली. पीयूच्या हार्डनरमधील (रंग कडक करणाऱ्या द्रवातील) आयसोसायनेट हे रसायन फुप्फुसांना घातक असते. येथील पेंटर बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा घालूनच गन हातात घेतो, ही गोष्ट आपल्याकडे इतकी दुर्मीळ आहे की तिची नोंद करणे भाग आहे.

आतल्या कामात पहिला क्रमांक पुढच्या काचेचा लागला. काच काढल्यावर रबराखालच्या पत्र्याच्या ओठावर गंज दिसला. तो साफ करून, एपॉक्सी देऊन आणि रंगवून मगच नवे रबर बसवले. बसवण्याची रीत जुनीच आहे. रबराच्या खाचेत सभोवार दोरी घालायची, तिची दोन्ही टोके गाडीच्या आत ठेवायची, साबणाच्या पाण्याने रबर ओले करायचे आणि एकाने बाहेरून काच तळहाताने दाबत असताना दुसऱ्याने आतून दोरी ओढत जायची, म्हणजे रबराचा ओठ पत्र्यावरून आपोआप उलटत येतो. रबर नाना पेठेतून आणले होते. पहिले आणलेले फार कडक असल्याने कोपऱ्यात बसेना, म्हणून ते परत करून दुसरे आणले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून कायमच्या हद्दपार झाल्या आणि त्यांच्यावर चालणारी सुट्या भागांची उलाढालही आटली. रबरासारख्या वस्तू मिळतात, पण त्यांचा दर्जा हातात घेऊन दाबून पाहिल्याशिवाय कळत नाही.

कुशनचे काम करणारे काका पंचावन्न-साठीचे आहेत आणि बोलणे कमी, काम अधिक अशा वळणाचे. पुढच्या बैठकीत स्प्रिंगा टोचत होत्या, कारण आधीच्या दुरुस्तीत स्प्रिंगांवरचा काथ्याचा थर काढून टाकून थेट फोम घातला होता आणि स्प्रिंगांनी तो कुरतडून खाल्ला होता. काकांनी स्प्रिंगांवर आधी गोणपाट ताणून शिवले, त्यावर काथ्याची गादी, त्यावर पातळ फोम आणि मग रेक्झिन अशी जुनी रचना परत केली. बैठक आता थोडी कडक लागते, पण ती तशीच असायला हवी. छताच्या अस्तराच्या तारांना गंज चढून कापडावर तपकिरी पट्टे उमटले होते. तारा काढून, घासून, रंगवून परत घातल्या. अस्तर बसवण्याच्या दिवशी गाडी सकाळपासून उन्हात उभी केली, म्हणजे रेक्झिन मऊ पडते आणि मधून कडांकडे ताणत नेता येते. गोंद सुकण्यापूर्वी प्रत्येक बाजू दोनदा सोडून पुन्हा धरली. कोपऱ्यांतल्या सुरकुत्या गेल्या आहेत. दारांच्या पॅडसाठी नवा हार्डबोर्ड कापून त्याच्या दोन्ही बाजूंना आणि कडांना वॉर्निश दिले, आणि मागे प्लास्टिकचा कागद चिकटवला. पायाखालचा गालिचा काढून टाकून रबरी चटई घालण्याचा सल्ला त्यांनी दिला व तो मी मानला. या गाडीला वेगळी चासी (बॉडीखालची स्वतंत्र चौकट) नाही, पत्र्याचा सांगाडा हाच तिचा आधार आहे. त्यामुळे ओल्या गालिचाखाली गंजणारी फरशी ही केवळ दिसण्याची बाब राहत नाही.

आता उणिवा. नव्या रेक्झिनचा दाणा जुन्याशी जुळत नाही. मागच्या बैठकीचे रेक्झिन चांगले असल्याने ते तसेच ठेवले आणि पुढचे बारीक दाण्याचे आले. जवळून पाहणाऱ्याला फरक कळतो. कापण्यापूर्वी नमुना दाखवायला हवा होता. मागचे दार आणि त्याच्या मागचा पत्रा यांच्या रंगात संध्याकाळच्या उजेडात किंचित फरक जाणवतो. पेंटरने तो स्वतःहून दाखवला, पण तो आहे. रबिंगचे पांढरे कंपाउंड बॉनेटच्या फटींत आणि बोधचिन्हाच्या कडेला राहिले होते, ते मला घरी दाताच्या ब्रशने काढावे लागले. क्रोमचे काम येथे होत नाही. बाहेर पाठवतात आणि त्यावर त्यांचे नियंत्रण नाही. बंपर मी पाठवला नाही.

वेळेबद्दल मात्र तक्रार करावी की कौतुक, हे मला ठरवता आलेले नाही. हवेतील आर्द्रता वाढली की येथे रंगाचे काम बंद राहते, कारण पीयूचा हार्डनर पाण्याशी प्रक्रिया करून रंगात सूक्ष्म बुडबुडे आणतो. ठरलेली तारीख त्यामुळे दोनदा पुढे गेली. कारण योग्य होते, पण दोन्ही वेळा मीच फोन करून विचारल्यावर ते कळले. अंदाजपत्रकही तोंडी मिळाले. मागितल्यावर लेखी दिले, आणि अंतिम बिल त्याच्या फारसे पुढे गेले नाही. दर पाहता, प्रत्येक भागाला बाजारातील नेहमीच्या डेंटिंग-पेंटिंगच्या साधारण दीडपट पैसे पडतात आणि कुशनचे काम त्या मानाने स्वस्त आहे.

एक सूचना विशेषतः पन्नाशी ओलांडलेल्या गाड्यांच्या मालकांसाठी. २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी जे नियम केले त्यांत पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी पात्र धरली आहे. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरबदल चालत नाहीत. येथे काम देताना मूळ भाग काय राहिले व काय बदलले याची छायाचित्रांसह नोंद मागितली तर ती मिळते. मागावी लागते, एवढेच.

ज्यांना लग्नाच्या हंगामापूर्वी गाडी आरशासारखी चमकवून हवी आहे त्यांनी येथे जाऊ नये. ज्यांच्या गाडीत पाणी शिरते आणि ते कोठून हे कोणी सांगत नाही, त्यांनी दिवाळीनंतरची तारीख मागून घ्यावी, जाण्यापूर्वी गाडी धुऊ नये आणि मधल्या काळात फोडांवर कोणालाही हात फिरवू देऊ नये. माझ्या गाडीच्या उजव्या त्रिकोणी काचेचे रबर अजून मनासारखे मिळालेले नाही. तेवढे काम बाकी आहे आणि त्याची मजुरी त्यांनी बिलात धरलेली नाही.