फायबरसाठी म्हणून 'इंटरनेटवाला कॉर्डलेस' गळ्यात मारतायत, सांभाळून (इंदूरचा अनुभव)

घरी फायबर आलंय, त्याच्यावर लँडलाइन नंबरपण चालू आहे आणि आता कॉर्डलेस घ्यायचाय, अशा सगळ्यांसाठी लिहितोय. त्यातही घरातली वयस्कर मंडळी दुकानात जाणार असतील तर हे त्यांना नक्की वाचून दाखवा. काउंटरवरचा माणूस "फाइबर पे साधा वाला नहीं चलेगा, इंटरनेट कॉलिंग वाला लगेगा" असं बोलला की पाकीट खिशातच ठेवा. माझ्या आत्या-काकांना या एका वाक्यावर ९,३०० रुपयांना चुना लावलाय.

आत्याचं घर रामबागेत, अरुंद आणि तीन मजली. जुनी तांब्याची लाइन रस्ता खोदला की बंद, मग तक्रार, मग परत बंद, म्हणून शेवटी फायबर घेतलं आणि ०७३१ चा जुना नंबरही तोच राहिला. फायबरवाल्या मुलाने फायबरचा डबा (मॉडेम) खाली दाराशी लावला, जुना वायरवाला फोन त्याच्या मागे खोचला आणि तो छान वाजायला लागला. पण आत्या दिवसभर वर, गुडघे दुखतात, रिंग वाजली की जिना उतरेपर्यंत फोन बंद. मोबाइल तिला आवडत नाही, आणि टोरांटोहून मुलगा लँडलाइनवरच करतो कारण तिथेच ती हमखास उचलते. म्हणून कॉर्डलेस.

दोघं महाराणी रोडच्या बाजारात गेले. दुकानाचं नाव लिहित नाही आणि विचारूही नका. त्या बाजारातून आम्ही वर्षानुवर्षं सामान आणतोय, सगळेच काही तसे नाहीत. तर त्या माणसाने पहिलं विचारलं "अंकलजी, लाइन कौन सी है?" काका म्हणाले फायबर, आणि तिथेच खेळ सुरू झाला. शोकेसमध्ये साधा कॉर्डलेस होता दोन हजाराच्या आसपासचा, त्याला हातपण लावू दिला नाही, काउंटरखालून दुसरा काढला, दोन हँडसेटवाला, "इम्पोर्टेड है, डेक्ट ६.०, बाकी सब पुराने वर्जन के हैं". (डेक्ट म्हणजे कॉर्डलेसचा बेस आणि हँडसेट ज्यावर बोलतात ते वायरलेस तंत्र.) त्याचे ६,५००. वर एक छोटा काळा डबा, "कन्वर्टर", १,८००. आणि घरी येऊन "ॲक्टिव्हेशन" करायचे १,०००. पक्कं बिल मागितलं तर म्हणे १८ टक्के जीएसटी वरून द्यावा लागेल, म्हणून कच्च्या चिठ्ठीवर काम झालं. पैसे यूपीआयने घेतले तेही दुकानाच्या नावावर नाही, कुणाच्या तरी पर्सनल खात्यावर.

आता ॲक्टिव्हेशनची गंमत ऐका. दुकानातला पोरगा घरी आला, काळा डबा लॅन वायरने फायबरच्या डब्याला जोडला, लाइट लुकलुकायला लागला. मग कॉर्डलेसवरून काकांच्या मोबाइलला लावून दाखवला, लागला नाही. "देखिए, अभी ॲक्टिव्ह नहीं है." हजार रुपये हातात पडल्यावर पाच मिनिटं मोबाइलवर काहीतरी करून राहिला, परत लावला, लागला. आत्याने नंतर रिडायल बघितलं तर पहिल्या वेळी नंबर नुसताच दाबला होता आणि दुसऱ्या वेळी पुढे शून्य. लँडलाइनवरून मोबाइलला शून्य लावायचा नियम १५ जानेवारी २०२१ पासून आहे! एका शून्याचे हजार रुपये. आत्या सराफ्यात सोन्याचा भाव बोलते तसं अजून हे सगळ्यांना सांगत असते.

काही आठवड्यांत बेस तापायला लागला, आवाजात खरखर, आणि एक दिवस दोन्ही हँडसेटवर नुसतं 'सर्चिंग'. मग मला बोलावलं. मी आधी बेस उलटा केला. खाली एफसीसी आयडी (अमेरिकेतल्या वायरलेस मंजुरीचा नंबर) आणि डेक्ट ६.० छापलेलं, म्हणजे माल अमेरिकेसाठी बनवलेला, आणि कोपरे घासलेले, म्हणजे तिकडे वापरून फेकलेला. लेबलवर लिहिलंय ६ व्होल्ट आणि दुकानदाराने जोडून दिलेला ॲडॅप्टर ९ व्होल्टचा, लोकल, त्यावर बीआयएसचा, म्हणजे आपल्या मानक संस्थेचा, मार्कपण नाही (असतो तेव्हा खाली आर पासून सुरू होणारा नंबर असतो). असली ॲडॅप्टर तिकडच्या १२० व्होल्टचा असणार, तो इथल्या २३० वर जळाला असता म्हणून बदललेला. हँडसेटमध्ये साधे पेन्सिल सेल घातलेले, जे चार्ज करायचेच नसतात, एकातून पाणी सुटलेलं. तिथे १.२ व्होल्टचे निकेल मेटल हायड्राइडवालेच रिचार्जेबल सेल लागतात.

आणि हे '६.०' म्हणजे सहावं व्हर्जन वगैरे काही नाही. अमेरिकेत आधी २.४ आणि ५.८ गिगाहर्ट्झचे कॉर्डलेस विकायचे, मग डेक्ट आलं तेव्हा ५.८ पेक्षा मोठा आकडा दिसावा म्हणून ६.० असं नाव ठेवलं. प्रत्यक्षात तो १.९ गिगाहर्ट्झवर चालतो, नेमकं सांगायचं तर १९२० ते १९३० मेगाहर्ट्झ. आपल्याकडचे आणि युरोपचे डेक्ट फोन १८८० ते १९०० वर. आपल्याकडे १९२० पासून वरचा पट्टा मोबाइल सेवेचा आहे, आपले मोबाइल त्यावरून टॉवरशी बोलतात. म्हणजे असा फोन घरात चालवणं बेकायदा आहे, टॉवरला त्रास होतो तो वेगळा. वर त्याला इथला एक्स्ट्रा हँडसेट कधी जुळणारपण नाही.

काळा डबा काय होता? तो एटीए, म्हणजे साध्या फोनला इंटरनेटवरच्या सेवेशी जोडणारं यंत्र. वस्तू खरी, पण तिकडच्या कुठल्यातरी कंपनीचं लॉक त्यावर होतं, लॉगिन उघडलं तर त्यांचाच पासवर्ड मागतो. आणि मुख्य म्हणजे आत्याच्या फोनची वायर त्यात नव्हतीच! पोराने ती सरळ फायबरच्या डब्यातच खोचली होती. काळा डबा नुसता लाइट लावून बसलेला.

हे मला सगळ्यांना नीट सांगायचंय कारण घोळ इथेच होतो. घरगुती फायबरमध्ये इंटरनेट कॉलिंगचं जे काय काम आहे ते डब्यातच होतं. डब्याच्या मागे बघा, लॅनच्या भोकांपेक्षा थोडं लहान एक भोक असतं, टेल, फोन किंवा पॉट्स असं लिहिलेलं. ते असेल आणि तुमचा नंबर त्यावर चालू असेल तर बाजारातला साधा, आपल्याकडचा, टेलिफोन वायरचा कॉर्डलेस त्यात चालतो. वेगळा 'इंटरनेटवाला' लागत नाही. खरा इंटरनेटवाला कॉर्डलेसपण मिळतो, नाही असं नाही, पण त्याच्या बेसला लॅनची वायर लागते आणि कंपनीने तुम्हाला सिपचा (इंटरनेटवरून कॉल लावायच्या पद्धतीचा) आयडी-पासवर्ड द्यावा लागतो, तो ऑफिसांच्या कामाचा. आत्याला विकलेल्या बेसला लॅनचं भोकच नव्हतं, म्हणजे याला इंटरनेटवाला म्हणायला काही आधारच नाही.

अजून एक थाप, "लाइट गई तो भी चलेगा". भिया, कसा चालेल? फायबरचा डबा विजेवर, कॉर्डलेसचा बेसपण विजेवर. डब्याला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावला तरी कॉर्डलेस बंदच, त्याच्या बेसला वेगळी सोय पाहिजे. पण जुना वायरवाला फोन त्याच डब्याला लावला तर तो चालतो, त्याला डब्यातूनच करंट मिळतो. म्हणून जुना फोन भंगारात देऊ नका.

मी आणि काका परत दुकानात गेलो. आधी "बेचा हुआ माल वापस नहीं होता", मग "हमने तो चालू करके दिया था". मी बेस उलटा करून समोर ठेवला आणि विचारलं याची वायरलेस मंजुरी दाखवा, दूरसंचार विभागाची असते ती. तेव्हा चेहरा उतरला. तिथे उभं राहूनच १९१५ ला, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला, यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सॲपवर त्याने पाठवलेला भाव एवढंच आमच्याकडे होतं, पण तक्रार नोंदवून घेतली. तासभर कुरकुर केल्यावर दुकानदाराने काळा डबा परत घेऊन १,८०० आणि ॲक्टिव्हेशनचे १,००० दिले. फोनचे साडेसहा हजार अजून अडकलेत, तक्रार चालू आहे, पक्कं बिल असतं तर एवढी तंगडतोड झाली नसती.

आत्याने आता जेल रोडवरून पक्क्या बिलावर साधा दोन हँडसेटवाला घेतलाय, अडीच हजारात, तिसऱ्या मजल्यावर स्वच्छ ऐकू येतं. आणि डिसेंबरात तिचा मुलगा टोरांटोहून येतोय, म्हणत होता इथून चांगला कॉर्डलेस घेऊन येतो. त्याला कळवलंय की आणू नकोस, तिकडेपण तेच ६.० मिळतात.