फुलवातीचं मशीन आणि माझा तो फोटो

व्हॉट्सअॅपवर एक जाहिरात फिरतेय. 'घरबसल्या उद्योग, महिना ३० हजार, माल आम्हीच विकत घेणार.' खाली एका बाईचा फोटो. हिरवी साडी, हातात मोठा चेक, मागं मशीन. ती बाई मी आहे. चेक पुठ्ठ्याचा होता आणि त्या मशीनपायी मी अजून बँकेचे हप्ते भरतेय. जाहिरातीत आता वातीऐवजी द्रोण-पत्रावळीचं मशीन आलंय, फोटो मात्र माझाच. म्हणून हे लिहायला बसले.

आमचं गाव बार्शी तालुक्यात. मी आमच्या बचत गटाची सचिव, म्हणजे हिशोबाची वही माझ्याकडं. 'अशिक्षित बायांना फसवलं' असं पोलीस ठाण्यातले एक साहेब म्हणाले, ते मला लागलं. मी बी.ए. आहे. बिल वाचता येतं, व्याज काढता येतं. तरी फसले.

फेब्रुवारी २०२३ मध्ये एका प्रदर्शनात या जाहिरातवाल्या कंपनीचा स्टॉल होता. पोरगा मशीनमधून टपाटप फुलवाती पाडत होता. गणित त्यानं माझ्याच वहीवर मांडलं : कापूस कंपनी देणार ३५० रुपये किलोनं, वात कंपनी घेणार ६५० नं, किलोमागं ३०० सुटले. दिवसाला चार किलो, महिन्याचे २५ दिवस, झाले ३० हजार. 'मार्केटिंगचं टेन्शनच नाही ताई.' हे वाक्य मला फार आवडलं. गटातल्या कुणालाही विचारा, पापड करता येतात, मसाला करता येतो. अडतं सगळं विकण्यापाशी. आमच्या नेमक्या दुखण्यावर त्यांनी बोट ठेवलं होतं.

पुण्याच्या ऑफिसात गेलो. भिंतीवर उद्यमचं प्रमाणपत्र, वर अशोकस्तंभ. 'सरकारमान्य' म्हणाले, आम्ही मान डोलावली. ते प्रमाणपत्र काय असतं हे नंतर कळलं. आधार आणि पॅन नंबर टाकून कुणालाही ऑनलाइन, फुकट, स्वतःच भरलेल्या माहितीवर मिळतं. माझ्या गिरणीवाल्या दिराकडंही आहे. धंदा नोंदवला एवढाच त्याचा अर्थ. धंदा खरा आहे, माल विकत घेणार आहे, असं सरकार त्यात कुठंही म्हणत नाही.

मशीन १ लाख ३५ हजार, वर कच्च्या मालाची अनामत १५ हजार. ६० हजार गटाच्या कर्जातून उचलले, ५० हजार सोयाबीनचे होते, ४० हजारांसाठी बोरमाळ पतसंस्थेत ठेवली. करार शंभराच्या स्टॅम्पपेपरवर झाला, तीन वर्षांचा बाय-बॅक, म्हणजे तयार वात कंपनीच विकत घेणार. नववं कलम मी वाचलं होतं, हे मुद्दाम सांगते : 'माल गुणवत्तेनुसार स्वीकारला जाईल, याबाबत कंपनीचा निर्णय अंतिम राहील.' वाचलं आणि वाटलं, बरोबरच आहे की, खराब माल कोण घेईल?

पहिल्या खेपेला १० किलो कापूस आला. चार किलोची गोष्ट सोडा, लाइट जाऊन-येऊन दिवसाला दीड किलोच्या वर वात निघेना. तरी ९ किलो ६०० ग्रॅम पाठवली आणि आठव्या दिवशी ६,२४० रुपये खात्यावर. पैसा न् पैसा बरोबर. घरात पेढे वाटले. मग ते गाडी घेऊन गावात आले, पुठ्ठ्याचा चेक हातात देऊन फोटो काढला आणि जाता जाता म्हणाले, 'ताई, अजून कुणी असेल तर सांगा, मशीनमागं ५ हजार तुमचे.'

त्या वर्षी अधिक श्रावण होता. दीपदानाचा महिना, वातीला दुप्पट मागणी, जूनच्या आत मशीन घेतलं तर सीझन सापडेल, असं फोनवर रोज. मी माझ्या धाकट्या जावेला सांगितलं. ती नको म्हणत होती. 'अक्का, इतक्या वाती जाळतंय कोण?' असं तिनं विचारलं होतं. मी हसले. मी माझं पासबुक तिच्यापुढं ठेवलं, ६,२४० च्या ओळीवर बोट ठेवून. तिनं माहेरकडून पैसे आणले, मशीन घेतलं आणि माझ्या खात्यावर ५ हजार आले. ते मी घेतले.

दुसऱ्या खेपेला १९ किलो पाठवली. ८ किलो पास, ११ किलो रिजेक्ट. 'शेंडा सैल आहे, वजनात फरक आहे.' परत पाठवायचा खर्चही माझाच. जावेचं तर पहिलंच पार्सल अर्धं परत आलं. दोघींच्या घरात पोत्यानं वाती. शेवटी एक पोतं घेऊन एसटीनं पंढरपूर गाठलं. अधिक महिन्याची गर्दी, कुणीतरी घेईलच की.

महाद्वाराजवळच्या गल्लीत पूजासाहित्याचं एक जुनं दुकान आहे. दुकानदारानं मूठभर वाती हातावर घेतल्या, एक समईच्या तेलात बुडवून पाहिली. म्हणाला, 'वात चांगली हाय की. पण किलोनं कोण इचारतंय, पाकिटाचं बोला.' मी भाव विचारला. तयार फुलवात त्याला ठोकमध्ये ३२० रुपये किलोनं दुकानात पोच मिळत होती.

मी दोनदा विचारलं. ३२०. मी कंपनीकडून नुसता कापूसच ३५० नं घेत होते.

तिथंच पायरीवर बसले. जी वस्तू बाजारात ३२० ला मिळते ती कुणी ६५० ला का विकत घेईल? घेतच नव्हते ते. पहिल्या खेपेचे ६,२४० म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ. पैसा मशीनमध्ये होता. तसंच मशीन दुसऱ्या विक्रेत्याकडं काय पडतं ते पुढं लेकानं फोनवर काढून दाखवलं : ४२ हजार. एका मशीनवर ९० हजार सुटत असतील तर दहा किलो वात चढ्या भावानं घेऊन उकिरड्यावर टाकली तरी त्यांना परवडतं. हा प्रश्न जावेनं मला जूनमध्ये विचारला होता, साध्या शब्दांत.

तिसऱ्या खेपेचे २४ किलो ऑगस्टमध्ये गेले, त्याचे पैसे आलेच नाहीत. सप्टेंबरात फोन बंद, ऑफिसला दुसऱ्याच कुणाची पाटी. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर नोंदणी रद्द झालेली. हा नंबर टाकून बघायला लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत, दोन मिनिटं लागतात. माझी ती दोन मिनिटं सहा महिने उशिरा आली.

आणि खड्ड्यात पडलेल्याला वरून अजून एक भेटतो. एक एजंट म्हणाला, 'त्याच मशीनवर पीएमईजीपीची ३५ टक्के सबसिडी काढून देतो, फाइल चार्ज साडेसात हजार.' पीएमईजीपी म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, केंद्र सरकारची योजना. या वेळी मी आधी जिल्हा उद्योग केंद्रात गेले. तिथल्या बाईंनी समजावलं की ही योजना नव्या उद्योगाला बँकेच्या कर्जातून मिळते. रोखीनं आधीच घेतलेल्या मशीनला नाही. ग्रामीण भागात बाईला ३५ टक्के अनुदान आहे, स्वतःचा वाटा ५ टक्केच, पण ते अनुदान हातात येत नाही. तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं, मग कर्जात वळतं होतं. अर्ज ऑनलाइन, फुकट. 'मशीन घ्यायच्या आधी यायचं असतं ताई,' त्या म्हणाल्या. बार्शीहून सोलापूर दीड-दोन तासांवर आहे. पुण्याला मी तीनदा गेले होते.

पोलीस ठाण्यात सुरुवातीला 'करार आहे, दिवाणी मामला आहे' म्हणून परत पाठवलं. मग आमच्यासारखे अकरा जण शोधले आणि आर्थिक गुन्हे शाखेत एकत्र अर्ज दिला. त्याची चौकशी चालू आहे. शिवाय जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. मशीन धंद्यासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहक नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. स्वतः राबून पोट भरायला घेतलेली वस्तू असेल तर २०१९ च्या कायद्यानं तुम्ही ग्राहकच. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. आमच्यातल्या एकीनं लाजेपायी घरात सांगितलं नाही, तिची मुदत उलटली. पैसे रोख दिले असतील तर अवघड जातं; माझे ४० हजार रोख आहेत आणि त्यांची पावती साध्या वहीच्या कागदावर आहे.

मशीन पडवीत आहे, कधीमधी चालवते. लेकीनं छोटी पाकिटं करून दिलीत, आठवडे बाजारात आणि भगवंताच्या देवळाबाहेर दहा रुपयाला जातात. लाइटचं बिल निघतं.

जावेचे ते ५ हजार मी दिवाळीत परत द्यायला गेले. तिनं घेतले, मोजले, मला चहा दिला. मशीनवर तिनं शिवणाच्या कापडांचा ढीग ठेवला होता. त्याच्याबद्दल ती काही बोलली नाही, आणि मीही नाही.