ताकाला जाऊन भांडं लपवणारा रॉबर्ट स्मिथ: 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड' कसा आहे?

आधी स्टार देऊन टाकतो म्हणजे घाईतली मंडळी मोकळी होतील. पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच. द क्युअर या इंग्लिश रॉक बँडचा हा अल्बम १ नोव्हेंबर २०२४ ला आला, त्याच्या आधीचा '४:१३ ड्रीम' २००८ चा, म्हणजे मधे सोळा वर्षं गेली, आणि त्यातली शेवटची पाच वर्षं तर बँडचा गायक आणि म्होरक्या रॉबर्ट स्मिथ झालाच आहे, आता येईलच असं सांगत होता, इतकं की बऱ्याच फॅन लोकांनी वाट बघणंच सोडून दिलेलं. आठ गाणी, ४९ मिनिटं. ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेला, १९९२ च्या 'विश'नंतर पहिल्यांदाच.

पहिलंच गाणं 'अलोन', आणि ते तीन मिनिटांच्या वर नुसतं वाजत राहतं, गाणारा माणूस येतच नाही. सिंथचे थरावर थर, संथ जड ड्रम, वरून गिटारची एक रडवेली ओळ, आणि मग स्मिथ येतो तो थेट सगळं संपलंय हे सांगायलाच. गाणं सुचलंय अर्नेस्ट डाउसनच्या 'ड्रेग्ज' या कवितेवरून, डाउसन म्हणजे १८९० च्या दशकातला इंग्रज कवी, जेमतेम बत्तिशीत गेलेला. आता मला सांगा, अल्बम आला तेव्हा वय पासष्ट, डोळ्यांत काजळ, ओठांबाहेर गेलेली लिपस्टिक, डोक्यावर कावळ्याचं घरटं, आणि सगळं विझून गेल्याच्या कवितेवर जवळजवळ सात मिनिटांचं गाणं, आणि हाच माणूस गेली कित्येक वर्षं चिडून चिडून सांगतोय की आमचा बँड गॉथ (म्हणजे काळे कपडे, काजळ आणि मरण-उदासीची गाणी, त्या घराण्यातला) नाही म्हणून! ताकाला जाऊन भांडं लपवायचं ते तरी किती.

पण त्याची बाजू पण आहे हां, आणि ती अगदीच पोकळ नाहीये. तारखा बघा. 'सेव्हन्टीन सेकंड्स' १९८०, 'फेथ' १९८१, 'पोर्नोग्राफी' मे १९८२. एकापेक्षा एक काळे. शेवटचा तर इतका की त्या टूरवर बँडच फुटला, स्मिथ आणि बासवाला सायमन गॅलप यांची स्ट्रासबर्गमध्ये मारामारी झाली आणि गॅलप निघून गेला. त्यानंतर स्मिथनं मुद्दाम, ठरवून, आपल्याच प्रतिमेची वाट लावायला 'लेट्स गो टू बेड' केलं, मग 'द वॉक', मग १९८३ मध्ये 'द लव्हकॅट्स', ते मांजरांचं जॅझी नाचरं गाणं ज्यात दुःखाचा लवलेश नाही. आणि इकडे लंडनमध्ये सोहोत अशाच काळ्या कपडेवाल्यांचा बॅटकेव्ह क्लब उघडतोय जुलै १९८२ ला, एनएमई हे संगीताचं साप्ताहिक 'पॉझिटिव्ह पंक' असं नाव देऊन या सगळ्या मंडळींवर लेख छापतंय फेब्रुवारी १९८३ मध्ये, गॉथ हा शिक्का तर त्यानंतर पक्का होतो. म्हणजे पाटी लागली तोवर घरमालक सामान घेऊन निघालेला. हे त्याचं म्हणणं मला पटतं.

फक्त निघाला कुठे? तर सूझी अँड द बॅन्शीज या त्याच गोटातल्या बँडमध्ये गिटार वाजवायला, १९८२ ते ८४! कमाल आहे की नाही. काळ्या कपड्यांपासून पळायचं तर दुनियेत दुसरी जागाच नव्हती. आणि मग १९८९ ला 'डिसइंटिग्रेशन' करतो, जो आजही गॉथ पोरापोरींच्या भिंतीवर असतो. आणि २००२ मध्ये बर्लिनला सलग दोन रात्री तीन अल्बम पूर्ण वाजवायचे ठरवतो तेव्हा निवडतो काय, तर 'पोर्नोग्राफी', 'डिसइंटिग्रेशन' आणि 'ब्लडफ्लॉवर्स'. लव्हकॅट्सवाला संग्रह नाही, 'फ्रायडे आय'म इन लव्ह' ज्यावर आहे तो 'विश' पण नाही. स्वतःचा बँड म्हणजे नेमकं काय हे दाखवायची वेळ आली की हात बरोबर त्याच कपाटाकडे जातो.

एक मात्र, हा एकटा नाहीये. या घराण्यात आपण या घराण्यातले असं कबूल करणारा मोठा माणूस शोधून दाखवा. सूझीला तो शब्द आवडत नाही. बाउहाउस या बँडनं जानेवारी १९७९ मध्ये 'बेला लुगोसीज डेड' रेकॉर्ड केलं, साडेनऊ मिनिटं, वटवाघळं, ड्रॅक्युला करणाऱ्या नटाचं मरण, ज्याला सगळं जग या प्रकाराची गंगोत्री मानतं, आणि त्यांच्यातले लोक म्हणणार की आम्ही मुळात ग्लॅमवाले, म्हणजे चमचमत्या रॉकवाले, डेव्हिड बोवी ऐकून मोठे झालेलो. खरं पण आहे ते. पण मग वटवाघळं कुणी आणली?

सगळ्यात मजेशीर केस अँड्र्यू एल्ड्रिचची, द सिस्टर्स ऑफ मर्सीवाला. लीड्सचा बँड, १९८० चा, आणि ड्रमर म्हणून माणूस नाहीच, मशीन, त्याला नाव दिलेलं डॉक्टर अॅव्हलांच. काळा गॉगल, स्टेजवर इतका धूर की पुढच्या रांगेतल्याला पण फक्त सावल्या दिसाव्यात. १९८५ ला 'फर्स्ट अँड लास्ट अँड ऑलवेज' आला आणि बँड फुटला, वेन हसी वगैरे बाहेर पडले, त्यांना 'द सिस्टरहुड' नाव घ्यायचं होतं तर एल्ड्रिचनं त्यांच्या आधीच त्या नावानं स्वतः रेकॉर्ड काढून ते नाव अडवलं (हे निव्वळ खुन्नस, पण काय खुन्नस!) आणि त्यांना शेवटी द मिशन झालं पाहिजे अशी वेळ आणली. मग १९८७ ला 'फ्लडलँड', त्यातलं 'धिस करोजन' जिम स्टाइनमननं प्रोड्यूस केलेलं, मीट लोफवाला स्टाइनमन, चाळीस माणसांचा कोरस. गॉथ क्लबात आजही ते लागलं की फ्लोअर भरतो. आणि एल्ड्रिचचं म्हणणं काय, तर माझा गॉथशी संबंध नाही, माझा रॉक बँड आहे. बरं नुसतं म्हणून थांबला नाही, १९९१ ला अमेरिकेत चक्क पब्लिक एनिमी या रॅप ग्रुपबरोबर टूर काढली, पुढे केस सोनेरी केले, मग बारीक कापले. आणि १९९० च्या 'व्हिजन थिंग'नंतर आजपर्यंत एकही स्टुडिओ अल्बम नाही. रेकॉर्ड कंपनीशी भांडण हे एक कारण होतं, मान्य, पण ते मिटूनही जमाना झाला. नवी गाणी आहेत, स्टेजवर वाजवतो, रेकॉर्ड करत नाही. मला वाटतं या माणसाला गॉथ अल्बम काढायचा नाहीये आणि दुसरा कुठला त्याच्या आवाजातून निघत नाही. हे माझं मत हां, पुरावा मागू नका.

द कल्ट बँडचा गायक इयन अॅस्टबरी जरा सरळ निघाला. सदर्न डेथ कल्ट, मग डेथ कल्ट, मग नुसतं कल्ट, म्हणजे नावातूनच एक एक काळा कपडा उतरवत गेला. १९८७ च्या 'इलेक्ट्रिक'साठी तर आधी एक अख्खा अल्बम रेकॉर्ड करून झालेला, तो बाजूला टाकला आणि रिक रुबिन या प्रोड्यूसरकडे जाऊन परत सगळं वाजवलं, कोरडं, उघडं, एसी/डीसी छापाचं हार्ड रॉक. आणि तो अल्बम भारी आहे! हात झटकून काहीतरी चांगलं हाताला लागल्याचं हे एक उदाहरण. पण २०२३ मध्ये बघावं तर तेच लोक परत डेथ कल्ट नावानं जुनी गाणी घेऊन टूरवर. मिनिस्ट्री बँडच्या अॅल जोर्गेन्सनचं पण तेच, १९८३ चा 'विथ सिम्पथी', नकली ब्रिटिश उच्चारात गायलेला सिंथपॉप, त्याचं नाव काढलं तरी भडकायचा, आणि २०२५ मध्ये त्या काळातली गाणी घेऊन ती परत रेकॉर्ड केली. म्हातारपणी सगळे माहेरी येतात.

आता स्मिथकडे परत, कारण मला या अल्बममध्ये दिसतं ते हे की बाकीच्यांनी नकार कामात उतरवला आणि यानं तो फक्त तोंडात ठेवला. मुलाखतीत कितीही कुरकुर करू दे, स्टुडिओत गेला की तो नकार दाराबाहेर. त्यामुळे इथे लाजत लाजत केलेलं काही नाही. जे आहे ते पूर्ण ताकदीनं आहे.

'आय कॅन नेव्हर से गुडबाय' ऐका. त्याचा मोठा भाऊ रिचर्ड गेला त्यावरचं. पियानोचे मोजके सूर, पुन्हा पुन्हा तेच, लांबून येतंय असं वाटणारं वादळ, आणि शब्द एकदम साधे. तरुणपणी 'पोर्नोग्राफी'त हा मरणावर ओरडायचा, आणि ते ओरडणं भारीच होतं, पण ते मरण ऐकीव होतं, पुस्तकातलं होतं. इथे खरंच घरातला माणूस गेलाय आणि आवाज चढत नाही. हा फरक मला सगळ्यात जास्त लागला. आवाज मात्र अजून तसाच कसा काय राहिलाय देव जाणे, पासष्टीत इतका कमी झिजलेला आवाज मी तरी फार ऐकलेला नाही.

'अँड नथिंग इज फॉरएव्हर' सुरुवातीला सिनेमाच्या पार्श्वसंगीताकडे झुकतं, मला पहिल्यांदा जरा गोडच वाटलं, नंतर बसलं. 'अ फ्रॅजाइल थिंग' हे त्यातल्या त्यात सिंगल म्हणण्यासारखं, गॅलपचा बास पुढे, चाल डोक्यात राहते. 'ऑल आय एव्हर अॅम' पण तसंच, थोडं हलकं. आणि शेवटचं 'एंडसाँग' दहा मिनिटांच्या वर, त्यात पहिली सहा मिनिटं नुसता ड्रम आणि गिटार, जेसन कूपरचे ते घुमणारे टॉम आणि रीव्हज गॅब्रेल्सची बेफाम गिटार (हा पूर्वी बोवीकडे होता, वाजवण्यात कळतं), आणि मग स्मिथ येतो, पोरवयात बघितलेला चंद्र, आणि आता आपण म्हातारे, काहीच उरलं नाही. हे गाणं कामं करता करता लावू नका. वाया जातं.

आता अर्धा स्टार. 'ड्रोन:नोड्रोन' मला अजून पटलेलं नाही, वा-वा पेडलवाली गिटार, खडबडीत ताल, मधेच कुणीतरी खोलीत दिवे लावले असं होतं. 'वॉरसाँग' लहान आहे म्हणून निभावतं. आणि मिक्स! एवढी लेयर असलेली गाणी आणि सगळं इतकं दाबून भरलंय की जोरात भाग आला की ड्रम गिटार सिंथ एकच भिंत होते, साध्या इअरफोनवर तर 'वॉरसाँग'मध्ये कोण काय वाजवतंय कळायला मार्ग नाही. 'डिसइंटिग्रेशन'मध्ये पण थरच होते पण त्यात हवा होती. स्मिथनं हा पॉल कॉर्केटबरोबर स्वतः प्रोड्यूस केलाय, एखादा तिसरा माणूस असता आणि त्यानं म्हटलं असतं बाबा एक गिटार कमी कर, तर बरं झालं असतं. पण स्मिथला असं सांगणार कोण.

घ्यायचा असेल तर साध्या एका एलपीपेक्षा अॅबी रोड स्टुडिओच्या हाफ-स्पीड मास्टरिंगवाला (खोबणी अर्ध्या वेगानं कोरलेला) दोन एलपींचा घ्या, लांब गाण्यांना खोबणीत जागा जास्त मिळते. ब्लू-रे असलेला सीडी सेट पण आहे, त्यात अॅटमॉस मिक्स (चहूबाजूंनी आवाज येणारा) आणि अख्ख्या अल्बमची इन्स्ट्रुमेंटल आवृत्ती, आणि ती इन्स्ट्रुमेंटल मला वाटलेली त्यापेक्षा फार कामाची निघाली, कारण या गाण्यांत अर्धा वेळ तसंही कुणी गात नाही. कव्हरवर यानेझ पिर्नात या शिल्पकाराचं १९७५ चं दगडी डोकं आहे, अर्धवट कोरलेलं, काळ्या पार्श्वभूमीवर. गॉथ नाही म्हणे!

तुम्ही द क्युअर म्हणजे 'फ्रायडे आय'म इन लव्ह' आणि 'जस्ट लाइक हेवन' एवढंच ऐकून आला असाल तर इथून सुरुवात करू नका, कंटाळाल आणि मला शिव्या द्याल. आधी 'डिसइंटिग्रेशन' नीट पूर्ण ऐका, रात्री, मोठ्या आवाजात. ते आवडलं तर हा डोळे झाकून घ्या. ते नाही आवडलं तर 'द लव्हकॅट्स' आहेच, त्या बाजूचा रॉबर्ट स्मिथ पण खोटा नाहीये.