नाना पेठेतलं लोकल कार्ब किट: रेस खाली येत नसेल तर घ्यावं का?

सिग्नलला मूठ सोडली तरी इंजिन दोन-अडीच हजार आरपीएमवर बोंबलत राहतं आणि मग रमतगमत खाली येतं. ही तक्रार सांगितली की बहुतेक मेकॅनिकचं उत्तर ठरलेलं असतं: कार्बोरेटरचं (इंजिनाला हवा-पेट्रोल मिसळून देणाऱ्या भागाचं, म्हणजे कार्बचं) किट टाका. पुण्यात नाना पेठेत स्प्लेंडर, पल्सर, युनिकॉर्नची लोकल किटं सहज मिळतात. पाकिटात साधारणपणे मेन जेट, पायलट जेट (कमी रेसला पेट्रोल सोडणारा), नीडल, फ्लोट पिन, चेंबरचं पॅकिंग, स्प्रिंगसकट मिक्श्चर स्क्रू आणि चार-दोन ओ-रिंगा असतात. यातलं रबर (पॅकिंग, ओ-रिंगा) वापरावं, पितळ (जेट वगैरे) बाजूला ठेवावं.

मुळात किट लागणार आहे का, ते आधी बघा. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी पुण्यात वेगळी वाचून दाखवायला नको. गाडी गरम करून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. रेस वाढली तर केबल ताणली जातेय; मुठीला २ ते ६ मिमी मोकळा खेळ हवा. अडकलेली रेस मूठ हाताने उलटी फिरवल्यावर खाली आली, तरी दोष केबलचा किंवा मुठीचाच. अशा वेळी किटवर पैसे घालू नका.

रेस अडकलेली असताना चोक अर्धा ओढल्यावर ती पटकन बसली, तर मिश्रण लीन आहे. म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. मग कार्ब इंजिनाला जोडतो त्या इनटेकच्या जॉइंटवर पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला तर तिथून हवा ओढतेय. क्लीनर स्प्रेनेही कळतं, पण गरम सायलेन्सरशेजारी तो पेट घेऊ शकतो. स्प्लेंडरसारख्या दोन बोल्टच्या कार्बला बोल्ट करकचून आवळल्याने फ्लँज (कार्बची जोडणीची सपाट कडा) वाकतो. काचेवर ठेवून डुगडुगतो का बघा. वाकलेल्या फ्लँजवर किटमधली ओ-रिंग टिकणार नाही. तो आधी काचेवर पॉलिश पेपर ठेवून सपाट करावा लागतो.

किट खरं कामाला येतं ते हवा-पेट्रोलचं प्रमाण जुळवणाऱ्या मिक्श्चर स्क्रूपाशी. जुना स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने पूर्ण आत घ्या आणि किती फेरे बसले ते लिहून ठेवा. बऱ्याच कार्बमध्ये स्क्रूवर आधी स्प्रिंग, मग बारीक वॉशर, शेवटी ओ-रिंग असा क्रम असतो. किटमध्ये हा वॉशर नसेल तर जुनाच परत लावा. तो नसला की स्प्रिंग ओ-रिंग कुरतडते, हवा शिरते आणि रेस पुन्हा लटकते. जुनी ओ-रिंग बऱ्याचदा भोकातच चिकटून राहते. ती वाकवलेल्या बारीक तारेने काढल्याशिवाय नवी बसवली, तर स्क्रू नीट बसतच नाही.

जेटचं वेगळं. मूळ जेटवर नंबर कोरलेला असतो. किटमधल्या जेटवर तो नसेल किंवा जुळत नसेल, तर ते लावू नका. जुना पायलट जेट क्लीनरने धुऊन उजेडाकडे धरा, भोक स्वच्छ गोल दिसायला हवं. चोंदलं असेल तर वायरमधली तांब्याची एक बारीक तार चालते. सुई घातली की भोक मोठं झालंच म्हणून समजा.

सेटिंग गरम इंजिनवरच. मिक्श्चर स्क्रू पूर्ण आत घेऊन दीड-दोन फेरे बाहेर, आयडल (मूठ सोडल्यावरची रेस) १४०० आरपीएमच्या आसपास. मग रेस सर्वांत वर जाईल तिथपर्यंत स्क्रू फिरवा आणि आयडल स्क्रूने पुन्हा १४०० वर आणा. तरी लटकली तर पाव फेरा रिच करा, म्हणजे पेट्रोल वाढवा. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर आत, इंजिनच्या बाजूला असेल तर बाहेर. इथेच बरेच मेकॅनिक उलटं करतात. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर जुन्या कार्बचं मिश्रण मुळातच थोडं लीन होतं, त्यामुळे हा पाव फेरा बऱ्याचदा लागतो. स्क्रू कितीही फिरवून फरकच पडत नसेल, तर पायलटची वाट चोंदलीय किंवा आयडल स्क्रूने स्लाइड (मुठीने वरखाली होणारी कार्बमधली झडप) फार वर उचलून ठेवलीय.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्या बहुतेक एफआय (फ्युएल इंजेक्शनच्या, कार्ब नसलेल्या) आहेत, त्यांना हे किट लागूच नाही. तिथे थ्रॉटल बॉडीतला कार्बन आणि आयडल एअर व्हॉल्व्ह तपासा.