डिपस्टिक नसलेली गाडी: चौदा महिने, १७,४०० किलोमीटर आणि माझी वही

तीन आठवड्यांपूर्वी हायवेवर गाडीने तापमानाचा पिवळा इशारा दिला आणि मी कडेला घेईपर्यंत तो लाल झाला. ना धूर, ना खाली पाण्याचा थेंब, ना कसला आवाज. इलेक्ट्रिक वॉटर पंप बंद पडला होता. बेल्टवर फिरणारा पंप जायच्या आधी बहुतेक वेळा गळतो, कुरकुरतो, काहीतरी कल्पना देतो. हा मोटरवर चालतो, त्यामुळे गेला की गेला. मी त्याच क्षणी इंजिन बंद केलं म्हणून इंजिनाचं वरचं झाकण, ॲल्युमिनियमचं हेड, वाचलं. पण ते वाचलंय हे कळायला दोन दिवस लागले, आणि त्या दोन दिवसांत जे साचलं ते आज लिहिते आहे.

दोन दिवस लागले कारण या गाडीला डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइल तपासायची पट्टी, नाही.

इंजिन तापलं की पहिली भीती हेड गॅस्केटची, म्हणजे हेडखालच्या सीलची. ते गेलं तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, ऑइलमध्ये शिरू शकतं आणि ऑइल दुधाळ होतं. माझ्या आधीच्या साध्या गाडीत मी बॉनेट उघडून डिपस्टिक ओढली असती, फडक्यावर पुसली असती, पुन्हा घालून बाहेर काढून बघितली असती. अर्ध्या मिनिटाचं काम. इथे ती नळीच नाही. सम्पमधला, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यातला, सेन्सर पातळी मोजतो आणि स्क्रीनवर एक पट्टी दाखवतो. नीट मोजायचं तर इंजिन चालू आणि गरम हवं, जमीन सपाट हवी. तापून बंद पडलेल्या गाडीत त्याचा उपयोग शून्य. आणि सगळं जमून आलं तरी सेन्सर ऑइल किती आहे ते सांगतो, कसं आहे ते नाही. रंग दिसत नाही, वास घेता येत नाही, दोन बोटांत चोळून बघता येत नाही. शेवटी मेकॅनिकने वरून ऑइल फिल्टर काढून तपासला, कूलिंग सिस्टीमला प्रेशर लावून रात्रभर ठेवलं, आणि सकाळी काटा जागचा हलला नव्हता तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

बऱ्याच जर्मन इंजिनांतून डिपस्टिक गेली आहे, हे माहीत असूनच गाडी घेतली. नव्या गाडीच्या मालकाला तिची उणीव जाणवणारही नाही. पण सात वर्षं जुनी गाडी घेणाऱ्याच्या हातात पहिल्या भेटीत तपासायला असतं तरी काय? पेंट, सीट, टायर आणि डिपस्टिक. त्यातलं इंजिनाच्या आतलं काही दाखवणारं एकच, आणि नेमकं तेच काढून टाकलं.

गाडी २०१६ ची, मी घेतली २०२३ मध्ये, ८८,६०० किलोमीटरवर. एका रांगेतले सहा सिलेंडर, टर्बो, आठ गिअरचा ऑटोमॅटिक, ताकद मागच्या चाकांना. नवी असतानाच्या किमतीच्या साधारण चौथ्या हिश्श्यात मिळाली. त्या दिवसापासून प्रत्येक खर्च मी वहीत खरेदी किमतीच्या टक्क्यांत लिहिते. पेट्रोल आणि विमा सोडून चौदा महिन्यांत टायर ९ टक्के, ब्रेकच्या डिस्क आणि पॅड ६, गिअरबॉक्स ऑइल ५, ऑइल फिल्टर हाउसिंगचं गॅस्केट ४, पंप आणि थर्मोस्टॅट ७. एकूण ३१ टक्के. एवढाच खर्च गाडीच्या मूळ किमतीवर मांडला तर आठ टक्केही होत नाही. गाडीचा भाव उतरत उतरत माझ्या आवाक्यात आला, पंपाचा भाव मात्र नव्या गाडीच्या पंपाचाच राहिला. ही गोष्ट मला आधी कुणी वहीवर मांडून दाखवली असती तर मी खिशातली सगळी रक्कम गाडीत घातली नसती. निदान तिसरा हिस्सा बाजूला काढून ठेवला असता.

गॅस्केटचे ४ टक्के मला सगळ्यात जास्त टोचतात. पाचव्या महिन्यापासून सिग्नलला थांबलं की जळक्या ऑइलचा वास यायचा. ज्या वर्कशॉपमध्ये मी सर्व्हिस करून घेत होते तिथे तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा उत्तर एकच: सेन्सर लेव्हल बरोबर दाखवतोय, काळजी करू नका. पाच महिन्यांत एक लिटर वरून टाकलं होतं, तेही सांगितलं. ‘टर्बो गाडी आहे, थोडं लागणारच.’ चौथ्यांदा मी तिथे न जाता एका स्वतंत्र मेकॅनिककडे गेले. त्याने छोटा आरसा आणि टॉर्च आत घातली आणि म्हणाला, ‘मॅडम, इकडून बघा.’ ऑइल फिल्टर हाउसिंगच्या खालून बारीक ओघळ आलेला होता, त्यावर धूळ बसून काळा चिखल झालेला, आणि बेल्टची कड ओली चमकत होती. ऑइल लागून बेल्ट निसटला आणि क्रँकच्या सीलमधून इंजिनात ओढला गेला तर प्रकरण पार इंजिन खोलण्यापर्यंत जातं. मूळ गॅस्केट म्हणजे बोटाएवढी रबरी चकती. काढली तेव्हा लवचीकपणा गेला होता, दाबली तर मोडली. दर आठवड्याला डिपस्टिकवर एकेक मिलिमीटर उतरताना दिसला असता, तर मी ‘बरोबर आहे’ हे उत्तर तीनदा ऐकून घेतलं नसतं.

गिअरबॉक्सचीही तीच तऱ्हा. ऑइल ‘लाइफटाइम’ आहे, हात लावू नका, असं त्याच काउंटरवर सांगितलं गेलं. लाइफटाइम म्हणजे किती किलोमीटर, या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही. पण गिअरबॉक्स बनवणाऱ्या झेडएफची स्वतःची शिफारस ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरदरम्यान ऑइल बदलायची आहे. फिल्टर प्लास्टिकच्या सम्पमध्येच बसवलेला असतो, म्हणून अख्खा सम्प बदलावा लागतो आणि खर्च वाढतो. मी ९६,००० ला बदललं. निघालेलं ऑइल काळंकुट्ट होतं. त्यानंतर थंड गाडीत दुसऱ्यावरून तिसऱ्यात जाताना जो हलका धक्का बसायचा, तो गेला. सर्व्हिस बुकात आधीच्या मालकाचे सगळे शिक्के आहेत, एकही चुकलेला नाही, आणि या ऑइलचा उल्लेख कुठेच नाही.

टायरबद्दल माझं मत मधेच पालटलं. पहिले काही महिने मी रनफ्लॅटच्या बाजूने होते, कारण रात्री एकटीने गाडी चालवताना पंक्चर झालं तरी ताशी ८० च्या वेगाने ८० किलोमीटर जाता येतं, हा आधार मोठा वाटायचा. मागच्या टायरवरचा आकडा मी घेतल्यावर वाचला: ३११७, म्हणजे २०१७ सालचा ३१ वा आठवडा. नक्षी शाबूत, रबर सहा वर्षांचं. पुढे २२५, मागे २५५ रुंदीचे टायर, त्यामुळे पुढचे मागे फिरवून आयुष्य वाढवण्याची सोयही नाही. चारही बदलायची वेळ आली तेव्हा रनफ्लॅटचा भाव ऐकून साधे घेतले आणि डिकीत पंक्चर किट व छोटा कॉम्प्रेसर ठेवला. स्टेपनी तशीही नव्हती. पहिल्याच खराब रस्त्यावर कळलं की ज्याला मी ‘स्पोर्ट्स सस्पेन्शनचा कडकपणा’ म्हणत होते तो बराचसा टायरच्या जाड भिंतींचा होता. गाडी एकदम मोठी, शांत झाली. स्टिअरिंगची धार किंचित कमी झाली, ती मला चालते. आता परत रनफ्लॅट नाही.

पंप गेला त्या रात्री गाडी विकायचं ठरवलं होतं. नवा पंप बसल्यावर कूलंटमधली हवा काढताना मी तिथेच उभी होते. इंजिन बंद, इग्निशन चालू, बॅटरीला चार्जर, हीटर पूर्ण गरमवर, पंखा सर्वांत हळू. मेकॅनिकने ॲक्सिलरेटर दहा सेकंद तळाला दाबून धरला आणि सोडला. बॉनेटखालून एक बारीक गुणगुण सुरू झाली. बारा मिनिटं पंप आपला आपण वेग वाढवत, कमी करत कूलंट फिरवत राहिला आणि टाकीत बुडबुडे वर येत राहिले, आधी भराभर, मग एकेक, मग थांबले. इतकं विचार करून बनवलेलं यंत्र, आणि त्याला एक डिपस्टिक देता आली नाही! राग तसाच होता, पण विकायचा निश्चय ढिला पडला.

घरी वही उघडली. आज विकली तर या ३१ टक्क्यांतला एक टक्काही भावात परत मिळणार नाही; नवे टायर, नवा पंप, ताजं गिअरबॉक्स ऑइल सगळं पुढच्या माणसाला फुकट. आणि मी दुसरी जुनी गाडी घेतली की तिच्या आत काय आहे ते पुन्हा पहिल्यापासून शोधायचं. पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर लांब वळणात ही गाडी ज्या विश्वासाने टेकते, तो विश्वास मला दुसऱ्या कुठल्या गाडीत मिळालेला नाही, हेही त्याच पानावर लिहून ठेवलं. तीन वर्षं तरी ठेवते आहे.

आता १,०६,००० झाले. पुढच्या सर्व्हिसला स्पार्क प्लग, आणि इन्टेक व्हॉल्व्हवरचा कार्बन. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये जातं, व्हॉल्व्हवरून वाहत नाही, त्यामुळे थर साचत जातो आणि अक्रोडाच्या टरफलाचा भुगा हवेच्या दाबाने मारून तो काढावा लागतो. त्याची तरतूद ३ टक्के धरली आहे. इंजिन ऑइल मात्र मी कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या निम्म्यावर बदलते, आणि दर वेळी निघणाऱ्या ऑइलचा थोडा नमुना काचेच्या बाटलीत भरून घेते, वर तारीख आणि किलोमीटर लिहून. दोन बाटल्या झाल्या आहेत. उजेडात धरल्या की दुसरीतलं ऑइल पहिलीपेक्षा किंचित गडद दिसतं. दुधाळपणा कुठेच नाही.