नकाराधिकार की निव्वळ बहुमत?

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत पाच स्थायी सदस्यांपैकी कोणीही एक जण ठराव रोखू शकतो; हा नकाराधिकार (व्हेटो) असावा की निव्वळ बहुमताने निर्णय व्हावेत? ऑक्टोबर 2022 मध्ये या परिषदेच्या दहशतवादविरोधी समितीची बैठक मुंबईच्या ताजमहाल पॅलेसमध्ये भरली. 26/11 प्रकरणातील आरोपी साजिद मीरचे नाव परिषदेच्या निर्बंध यादीत घालण्याचा प्रस्ताव चीनने महिनाभर आधीच अडवला होता. ही यादी ठरवणाऱ्या निर्बंध समितीत सर्वसंमती लागत असल्याने चीनचा हा अडथळा तांत्रिकदृष्ट्या नकाराधिकार नव्हे, पण मुंबईकराच्या लेखी फरक तो काय?

तरीही नकाराधिकाराला सरसकट दोष देणे आपल्याला शोभत नाही, कारण डिसेंबर 1961 मध्ये गोव्यातून सैन्य मागे घेण्यास सांगणाऱ्या ठरावाला 11 पैकी 7 मते मिळूनही तो केवळ सोव्हिएत नकारामुळे बारगळला. निव्वळ बहुमत असते तर भारताची पंचाईत झाली असती.

बहुमताची मर्यादा वेगळी आहे: मार्च 2022 मध्ये आमसभेत 141 देशांनी युक्रेनवरील आक्रमणाचा निषेध केला, परंतु तो ठराव बंधनकारक नव्हता आणि अण्वस्त्रधारी रशियावर तो लादणार कोण?

माझ्या मते ठराव रोखण्यासाठी किमान दोन स्थायी सदस्यांचा नकार आवश्यक करणे अधिक न्याय्य ठरेल. मात्र संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या 108 व्या कलमानुसार अशा दुरुस्तीलाही पाचही स्थायी सदस्यांची मंजुरी लागते.