परड्यात कोणतं खत घालायचं? घाटावरची गाडी, गावातला गोठा आणि आपला पालापाचोळा

भात झोडून झालं, उडव्या रचून झाल्या, जमिनीत अजून ओल आहे. परड्यात वांगी, टोमॅटो, मुळा, लाल माठ लावायचे आणि पाठोपाठ वाल पेरायचे हेच दिवस. याच दिवसांत अणुस्कुरा घाट उतरून शेणखताच्या गाड्या राजापूरच्या बाजूला येतात. बागायतदारांसाठी निघालेली गाडी वाटेत घरगुती गिऱ्हाईकही शोधते. यंदा ओळखीच्या तीन घरांतून मला एकच प्रश्न आला: गाडी घ्यावी, की गावातच शेण बघावं, की पिशवीतलं गांडूळखत आणावं?

दोन वर्षांपूर्वी हा प्रश्न मी कोणालाच विचारला नव्हता. काळंभोर, भुसभुशीत, वास नसलेलं खत दिसलं आणि गाडी दारात रिकामी करून घेतली. रोपं लावून पंधरा दिवस झाले नाहीत तोच टोमॅटोची नवी पानं नेच्यासारखी बारीक, लांबट आणि पिळलेली निघू लागली. चवळीची पानं वाटीसारखी वर वळली. मिरचीचे शेंडे मान टाकून वाकडे झाले. आधी वाटलं, चुरडा-मुरडा आला. दोनदा निंबोळी अर्क मारला. पण पानं उलटून बघितली तर पांढरी माशी नाही, फुलकिडे नाहीत, कोळी नाहीत. कडेला लावलेला मका मात्र त्याच खतावर तरारून वर आला होता.

सासूबाई पायरीवर बसून हे सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "शेण बघून घेतलंस ते ठीक गो, पण वैरण कुठली ते विचारलंस का?"

त्या एका प्रश्नात सगळं आलं. रुंद पानांची झाडं मारायची आणि गवतवर्गीय पिकं वाचवायची, अशा बेताने बनवलेली तणनाशकं असतात. ती झाडाच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करतात, म्हणून झाड जळत नाही, वेडंवाकडं वाढतं. यातली क्लोपायरॅलिड, अमिनोपायरॅलिड आणि पिक्लोरॅम ही तीन नावं फार चिवट आहेत. फवारलेलं गवत जनावराने खाल्लं तरी ती पोटात फारशी मोडत नाहीत, शेण-मुतातून बाहेर पडतात. खत चांगलं तापलं, कुजलं, तरी त्यात टिकून राहतात. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात स्पोकेन शहराच्या कंपोस्टमध्ये २००० च्या सुमारास क्लोपायरॅलिड सापडलं होतं. ते लोकांच्या अंगणातल्या कापलेल्या हिरवळीतून आलं होतं. ब्रिटनमध्ये २००८ साली शेणखत घातलेल्या घरगुती भाजीच्या वाफ्यांत बटाटे, टोमॅटो, शेंगभाज्या अशाच पिळवटल्या आणि अमिनोपायरॅलिडची विक्री काही काळ थांबवावी लागली.

प्रमाण किती लागतं? संवेदनशील भाजीला अब्ज भागांत एखादा भागही पुरतो. म्हणजे दहा टनांच्या डंपरमध्ये दहा मिलिग्रॅम, साधारण तांदळाच्या अर्ध्या दाण्याच्या वजनाइतकं. ते डोळ्यांना दिसणार नाही, नाकाला कळणार नाही. नेहमीच्या माती परीक्षणात सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश कळतं, पण हे कळत नाही. खतात गांडुळं वळवळताहेत म्हणून ते स्वच्छ, हा समजही सोडून द्या. ही रसायनं रुंद पानांच्या झाडांवर काम करतात, गांडुळांवर नाही.

आता आपल्याकडच्या भीतीचं नेमकं माप घेऊ, कारण उगाच घाबरून चांगलं शेणखत टाकून देणंही चूकच. आपल्या शेतीत रुंद पानांच्या तणासाठी सगळ्यात जास्त ओळखीचं आहे ते टू-फोर-डी. ऊस, मका, गहू, सगळीकडे ते चालतं. झाडावरची लक्षणं तशीच दिसतात, पण उबदार, ओलसर मातीत ते काही आठवड्यांत मोडतं. गव्हात आणि भातात चालणारं मेटसल्फ्युरॉन आपल्या जांभ्या आम्ल मातीत घाटावरच्या चुनखडीच्या जमिनीपेक्षा लवकर मोडतं. इथे माती आपल्या बाजूची आहे. मका-उसातलं अॅट्राझीन त्या मानाने महिनोन् महिने रेंगाळतं.

घाटावरच्या गाडीचं बघताना वैरणीची फोड करावी लागते. उसाच्या वाढ्यांवर पोसलेल्या जनावरांच्या शेणाची मला फारशी धास्ती नाही. उसातली फवारणी लागवडीनंतरच्या पहिल्या दोनेक महिन्यांत उरकते आणि वाढे हाताला येतात वर्षभराने. धास्ती आहे ती बांधावरच्या, पडीक जागेतल्या फवारलेल्या गवताची. आज फवारलं आणि चार दिवसांनी तेच कापून दावणीला टाकलं, तर मधे काहीच वेळ गेलेला नसतो. आणि गाडीवाल्याला हे ठाऊकही नसतं. तो दहा गोठ्यांतून, कधी तबेल्यातून, कधी कोंबड्यांच्या शेडमधून माल गोळा करतो. माझा गाडीवाला लबाड नव्हता. "ही वैरण कुठली?" याचं उत्तर त्याच्याजवळच नव्हतं, आणि गाडीचा खरा उणेपणा तोच आहे. किलोमागे स्वस्त पडते, ढीग मोठा येतो, नारळ-पोफळीला आळी भरून निघतात, हे फायदे खरेच आहेत. पण अर्धकच्चं खत आलं तर अमोनियाने मुळं जळतात. वर घाटावरच्या तणाचं बी फुकट येतं. आमच्याकडे त्या साली गाजरगवत पहिल्यांदा उगवलं.

गावातल्या गोठ्याची गोष्ट वेगळी. तिथे जाऊन गायरी, म्हणजे शेणाचा खड्डा, बघता येते. वहिनींना विचारता येतं की गुरं कुठे चरतात, पेंढा घरचा की विकतचा. स्वतःच्या कुणग्यातला (भाताच्या खाचरातला) पेंढा आणि सड्यावरचं (कातळपठारावरचं) गवत खाणाऱ्या चार गावठी गुरांचं शेण यापेक्षा भरवशाचं खत मला माहीत नाही. तरीही एक प्रश्न इथे नव्याने विचारायला हवा. मजूर मिळत नाहीत म्हणून आंबा-काजूच्या बागांत आता बेणणी (गवत कापणं) कमी आणि तणनाशकाची फवारणी जास्त होते. गुरं त्याच बागेत चरायला जातात का? बागेतलं वाळकं गवत गोठ्यात अंथरतात का? तेच गवत आच्छादनाला मागायला आपणही जातो. कापलेल्या गवताच्या बुडाला विळ्याचा किंवा ग्रासकटरचा घाव दिसतो. मारलेलं गवत उभ्याउभ्या पिवळं-तांबूस होऊन आडवं पडतं आणि ओढलं तर मुळासकट हातात येतं. असं गवत मी भाजीखाली अंथरत नाही. त्यात नुसतं ग्लायफोसेट (गवतासकट सगळंच मारणारं तणनाशक) असेल तर आपली लोह-अॅल्युमिनियमने भरलेली जांभी माती ते घट्ट धरून ठेवते आणि मुळांना फारसं लागू देत नाही. पण टाकीत दोन औषधं एकत्र कालवायची सवय बऱ्याच जणांना आहे.

गाडी लागतेच का, हा हिशेब मी फार उशिरा केला. भाजीला हेक्टरी वीस टन शेणखत धरतात, म्हणजे गुंठ्याला दोनशे किलो. वीस किलोच्या दहा पाट्या झाल्या! घरामागचं परडं दोन-तीन गुंठ्यांचं असतं. एका गावठी गाईचं शेण दिवसाला सहा-सात किलो धरलं, तरी वर्षभरात कुजून निदान टनभर खत होतं. तुमच्या सगळ्या वाफ्यांना पुरून उरेल एवढं शेण शेजारच्या एका दावणीला आहे. आठ टनांची गाडी आपण भाजीसाठी घेत नाही, स्वस्त पडते म्हणून घेतो.

आपला पालापाचोळा सगळ्यात सुरक्षित, कारण त्यात काय पडलं ते आपल्याला माहीत असतं. त्याला वेळ मात्र लागतो. आंब्या-फणसाची जाड पानं एकटी टाकली तर पुढच्या पावसातही ओळखू येतात. मी खड्ड्यात पाल्याचा एक थर, त्यावर कुंपणाच्या गिरिपुष्पाचा कोवळा पाला, मग शेणकाल्याचा शिडकावा असं रचत जाते. गिरिपुष्पात नत्र भरपूर, त्यामुळे काम लवकर होतं. तरी दिवाळीत भरलेला खड्डा पावसाआधी पुरता तयार होत नाही. पोषणही शेणखतापेक्षा कमी, म्हणून जोडीला करंज किंवा निंबोळी पेंड लागते. साध्या शेणखतात नत्र अर्धा टक्का, करंज पेंडीत चार टक्क्यांच्या आसपास, निंबोळी पेंडीत पाच. रोपामागे मूठभर पुरते. चुलीची राख थोडी शिंपडावी, आम्ल मातीला ती बरी असते.

पिशवीतल्या गांडूळखताबद्दल आणि शहरी कंपोस्टबद्दल थोडक्यातच. कुंडीला सोयीचं, वाफ्याला महाग. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखाली त्यांना कर्ब, नत्र, ओलावा, जड धातू यांच्या कसोट्या आहेत, तणनाशकाच्या अंशाची नाही. गांडूळखत गावातल्याच कोणी केलं असेल तर तिथेही शेण कुठलं ते विचारा.

आता कुंड्यांची परीक्षा. माझी खात्री तिनेच पटवली आणि तिला खर्च नाही. ढिगाच्या चार-पाच ठिकाणांहून, हात खोल घालून खत काढा आणि नीट मिसळा. एक भाग खत, एक भाग नेहमीची माती, अशा चार कुंड्या भरा. शेजारी चार कुंड्या नुसत्या त्याच मातीच्या. प्रत्येकीत चवळीचे पाच-सहा दाणे लावा. उजेड, पाणी सारखंच ठेवा, फक्त खताच्या कुंडीचं निथळलेलं पाणी दुसरीकडे जाऊ देऊ नका. तिसरं-चौथं त्रिदल पान येईपर्यंत, म्हणजे तीनेक आठवडे थांबा. खताच्या कुंड्यांतच पानं वाटीसारखी वळली, शिरा जवळजवळ आल्या, शेंडा पिळला, तर ते खत भाजीला नको. पानांच्या कडा नुसत्या करपल्या आणि शेंडा सरळ असेल, तर खत कच्चं आहे किंवा त्यात क्षार जास्त आहेत. आणखी दोन महिने कुजू द्या. माझ्या चारही कुंड्यांत शेंडे पिळले होते. घरच्या गायरीतलं खत घातलेल्या कुंड्या सरळ उभ्या होत्या.

मला कोणी आज विचारलं तर मी असं सांगते. परडं तीन गुंठ्यांच्या आतलं आणि गावात एक तरी गोठा उरलेला असेल, तर तिथलंच शेण घ्या, गरज पडल्यास चार पैसे जास्त देऊन, आणि पुढच्या वर्षासाठी पाल्याचा खड्डा आजच भरायला लागा. गोठे बंद पडलेत अशी गावं आता थोडी नाहीत. तिथे यंदा पेंड आणि थोडं गांडूळखत यांवर भागवा. गाडी घ्यायचीच असेल, नारळी-पोफळीची वाडी मोठी असेल, तर जरूर घ्या, पण भाजी लावायच्या महिनाभर आधी घ्या आणि कुंड्या लावल्याशिवाय त्यातली एक पाटीही वाफ्यात जाऊ देऊ नका. चवळी बिघडली तरी तो ढीग मका, नाचणी, ऊस अशा गवतवर्गीय पिकाखाली चालतो. भेंडी, पडवळ, वाल, वांगी यांच्या जवळ नको.

ज्यांच्या वाफ्यात हे खत आधीच गेलंय त्यांनी माती उकरून फेकू नये. ही रसायनं ढिगात टिकतात, जिवंत मातीत मात्र सूक्ष्मजीव त्यांना हळूहळू मोडतात, आणि त्यांना ऊब, ओल, हवा लागते. वाफा दर पंधरा दिवसांनी खणून हलवा, पाणी द्या, त्या हंगामात मका घ्या. मक्याची ताटं आणि पिळलेली रोपं कंपोस्टच्या खड्ड्यात किंवा गुरांपुढे टाकू नका. ती त्याच वाफ्यात गाडा. मग आपला तीन हजार मिलिमीटरांचा पाऊस एकदा वरून जाऊ द्या. मी दसऱ्याला त्या मातीत पुन्हा चवळी लावून बघितली. दोन वाफ्यांत सरळ आली. तिसऱ्यात, जिथे खत सगळ्यात जाड पडलं होतं, तिथे शेंडे अजून किंचित वळत होते, म्हणून तिथे आणखी एक हंगाम मका ठेवला.

आता कोणतंही बाहेरचं खत आलं की आधी त्यातलं बादलीभर बाजूला काढून पडवीत ठेवते, वर आणल्याची तारीख आणि गोठ्याचं नाव लिहून. तीन महिन्यांनी शेंडा वाकडा दिसला तर परीक्षा पुन्हा घ्यायला तेच खत हाताशी असतं.